बिनगळाचं आमिष

आरोहीला यंदा स्वतःच्या नावाचं फिशिंग लायसन्स मिळालं होतं. सोळा पूर्ण झाली की ते काढावंच लागतं, त्यात कर्तबगारी काहीच नाही. तरी मासेमारीच्या सामानाच्या दुकानातल्या माणसाने न मागताच तिने ते खिशातून काढून काउंटरवर ठेवलं. तो "नाइस" म्हणाला. त्यावर तिने राज्याभिषेक झाल्यासारखी मान डोलावली आणि गोठवलेल्या स्मेल्टचं एक पाकीट मागितलं. स्मेल्ट म्हणजे बोटभर लांबीचे चंदेरी मासे. मोठ्या माशाला दाखवायला त्यांच्याइतकं चांगलं आमिष नाही.

"हे माझ्या दह्याशेजारी ठेवायचं नाही," बाबा म्हणाले.

"चिल, बाबा. वेगळा कूलर आहे. पुरुषोत्तमकाकांचा."

नाव निघालं तसं बाबांनी पाकीट उचललं आणि ते गाडीकडे निघाले.

गेली सात वर्षं असंच चालत आलं होतं. मे महिन्यात उत्तर न्यूयॉर्कमधल्या स्टिल्सन लेकवरचा बर्फ वितळला की वेस्ट विंडसरमधली दोन शेजारी कुटुंबं सहा तास ड्राइव्ह करून तिथल्या एकाच ठरलेल्या केबिनमध्ये यायची. बाबा बोटीत बसले की पाच मिनिटांत मळमळून हिरवे पडायचे, आईला काठावरच पुस्तक लागायचं, आणि वसुधाकाकूंनी तर कधी बोटीत पाऊलच ठेवलं नव्हतं. मग पाण्यात उरायचे दोघं, काकूंचे यजमान, औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेले पुरुषोत्तमकाका आणि नऊ वर्षांची, दहा वर्षांची, बघता बघता पंधरा वर्षांची आरोही.

२००६ च्या मार्चमध्ये काका गेले. झोपेतच गेले, कोणाला काही त्रास न देता. त्रास झाला तो दहाव्या दिवशी.

एडिसनहून गुरुजी आले होते. घराजवळच्या पार्कात पिकनिक टेबलावर कागदी प्लेटमध्ये पिंड मांडला होता. दोन-तीन वर्षांपूर्वी वेस्ट नाइलच्या साथीत त्या भागातले कितीतरी कावळे मेले होते, त्यामुळे येईल की नाही हीच सगळ्यांना शंका होती. पण एक आला. दिव्याच्या खांबावर बसला, पिंडाकडे टक लावून बघत राहिला आणि खाली काही उतरेना.

"बाबा, आईला मी ओहायोला नेतो. तिला एकटं नाही ठेवणार," मुलगा ओजस म्हणाला. कावळ्याने मान वळवली. कोणी म्हणालं, मंडळाची लायब्ररी आम्ही चालू ठेवू. कोणी म्हणालं, परसातल्या टोमॅटोंना पाणी घालू. कावळा बसूनच. थंडीने सगळ्यांची नाकं लाल झाली. दीड तासाने गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. झालं, म्हणाले. सगळे गाड्यांकडे पळाले.

काकूंच्या लेखी मात्र काही झालं नव्हतं. त्या दिवसापासून त्या एकवेळच जेवू लागल्या, तेही चिमणीएवढं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. ओजसने ओहायोतल्या डब्लिनच्या घरात त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती, पण काकू हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या.

"ह्यांना काहीतरी हवं होतं," त्या आरोहीच्या आईला म्हणाल्या होत्या. "एक्केचाळीस वर्षं संसार केला आणि मला ते ठाऊक नाही. ते कळल्याशिवाय मला घास जात नाही गं."

यंदा आईला हॉस्पिटलमध्ये ड्यूटी होती. आरोहीला वाटलं होतं ट्रिप कॅन्सल होणार. पण काकूंनीच फोन केला. "आपण जायचं आहे," म्हणाल्या.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी आरोहीने केबिनच्या टेबलावर काकांची पेटी उघडली. तीन मजली, हिरवी, उघडली की जिना उलगडावा तशी उलगडणारी. आत लुअर, म्हणजे गळ लावलेली खोटी आमिषं, आणि प्रत्येक खणावर काकांनी मार्करने देवनागरीत त्यांची नावं लिहिली होती. पातळ पत्र्याचा, एका बाजूने सोनेरी आणि एका बाजूने चांदीसारखा चमचा, तो 'नवरदेव'. जड, शिशाचा, रंग उडालेला, तळाशी ठक ठक करत बसणारा, तो 'मास्तर'. आणि पोकळ रबराची, शेपटीच्या झिरमिळ्या असलेली नळी, ती 'पांढरी'. बाकीचे वीस-पंचवीस लुअर नुसते हौसेचे. लागायचे तेव्हा हे तीनच लागायचे.

"लेक ट्राउटला घाई नसते," काका सांगायचे. "थंडगार, खोल पाण्यातला म्हातारा तो. त्याला खायला घालायचं नाही, विचारायचं. तीनदा विचारायचं. नाही म्हणाला तर प्रश्न बदलायचा."

आरोहीने तिन्ही लुअर पुसले, गळांची टोकं नखावर घासून पाहिली आणि मनाशी ठरवूनच टाकलं. उद्या एक दांडगा ट्राउट पकडायचा, काकूंना दाखवायचा आणि सोडून द्यायचा. काकू हसतील. हसल्या की जेवतील. आरोहीला त्या वर्षी सगळंच असं सोपं वाटत होतं. डिबेटमध्ये तिने सीनियर्सना हरवलं होतं. एका म्हातारीला चार घास खायला लावणं काय मोठं.

सकाळी साडेपाचला ती धक्क्यावर गेली तर काकू आधीच तिथे उभ्या. नऊवार नाही, साधी सुती साडी, वर स्वेटर, त्यावर काकांचं नारिंगी लाइफ जॅकेट. हातात स्टीलचा छोटा डबा.

"वहिनी, अहो पाणी बर्फासारखं आहे," बाबा मागून धावत आले. "तुम्हाला पोहता येत नाही."

"मला कुठे पोहायचंय, प्रताप. बसायचंय."

बाबांनी आरोहीकडे बघितलं. आरोहीने अंगठा वर केला. "आय गॉट धिस, बाबा. लगेच येतो."

पाण्यावर धुकं होतं. दाट, पांढरं, बोटीच्या नाकापलीकडे काही दिसू नये इतकं. बॅटरीवरची मोटर मधमाशीसारखी गुणगुणत होती. आरोही बोलत सुटली होती. हा फिशफाइंडर, काकू, हा खाली आवाज पाठवतो आणि परत येतो त्यावरून चित्र काढतो. ही खालची जाड पट्टी म्हणजे तळ. आपण लुअर सोडला की एक बारीक रेघ खाली जाताना दिसेल. आणि मासा आला तर जाड रेघ. व्हिडिओ गेमच आहे. काकू मान डोलावत होत्या. त्यांची नजर पाण्यावर होती.

काका नेहमी थांबायचे त्या कड्यापाशी तिने मोटर बंद केली. स्क्रीनवर आकडा होता बहात्तर फूट. तिने 'नवरदेव' सोडला.

बारीक रेघ खाली उतरली. पन्नास फुटांवर गेली न गेली तोच तळातून एक जाड रेघ सुटली आणि तिरकी वर आली.

"आला. काकू, पहिल्याच खेपेला आला. बघा, बघा."

जाड रेघ लुअरच्या एक फूट खाली आली आणि थांबली.

आरोहीने रॉडचं टोक हलवलं. जरा थांबून पुन्हा हलवलं. हळूच दहा फूट वर ओढलं, तर जाड रेघही दहा फूट वर आली. लुअर थांबला, तीही थांबली. मधे एक फूट अंतर. तिने तीनदा विचारलं आणि प्रश्न बदलला. 'मास्तर' लावला. तेच. 'पांढरी' लावली, तिच्या पोटात स्मेल्टचा तुकडा खोचला. तेच. रेघ यायची, एक फुटावर थांबायची.

मागे लागलेला मासा एक तर घेतो, नाही तर कंटाळून जातो. सात वर्षांत तिने दुसरं काही पाहिलं नव्हतं. हा जात नव्हता. ती लुअर बदलत असतानाही, पाण्यात काही नसतानाही, ती जाड रेघ चाळीस फुटांवर तशीच सरळ उमटत राहिली. म्हणजे मासा बोटीच्या बरोबर खाली, न हलता, वाट बघत होता. घड्याळात बघितलं तर पाऊण तास झाला होता.

"किती खाली आहे तो?" काकूंनी विचारलं.

"चाळीस फूट."

"बसलाय."

"काकू, मासे बसत नाहीत. दे जस्ट... पोहतात."

"त्या दिवशी तोही असाच बसला होता," काकू म्हणाल्या, आणि डबा उघडला.

आत मुठीएवढा भाताचा गोळा होता. वर काळे तीळ.

"काकू, लेक ट्राउट भात खात नाही. खरंच. त्याला मासे लागतात. कणीक, भात हे नदीतल्या माशांना. काकांनीच सांगितलंय मला."

"मी माशाला देतेय का?"

आरोहीने पेटीतून एक गळ काढला.

"ह्याला गळ नको लावूस," काकू म्हणाल्या.

"मग पकडणार कसा?"

"पकडायचंय कोणाला, आरोही?"

पेटीत आमिष म्हणून माशाची अंडी बांधायची बारीक जाळी होती, हातरुमालासारखी. तिने त्यात तो गोळा घातला, तोंड दोऱ्याने आवळलं, तीन गाठी मारल्या, खाली एक वजन बांधलं. बोटं इतकी गारठली होती की शेवटची गाठ दातांनी ओढावी लागली. गळ नसलेली दोरी पाण्यात सोडताना तिला फार विचित्र वाटलं, कोणाच्या तरी घरात दार न वाजवता शिरल्यासारखं.

बारीक रेघ खाली गेली. जाड रेघ हलली नाही. रेघ रेघेपाशी पोचली. मधे एक फूट.

काकूंनी हात पुढे करून दोरी रॉडच्या टोकाशी चिमटीत धरली. मग खाली वाकून, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "अहो. ओजसकडे जाते मी. जूनमध्ये. घर विकू दे त्याला."

जाड रेघ खाली गेली. सरळ दहा फूट.

आरोहीने स्क्रीनवरचं दव बाहीने पुसलं. रेघ खालीच होती.

"बरं. नाही जात," काकू म्हणाल्या. "इथेच राहते. त्याच घरात."

रेघ वर आली. एक फुटावर थांबली.

"काकू, आपण परत जाऊ या का?"

"थांब गं जरा. बोलतायत ते." त्यांनी दोरी थोडी सैल केली. "शैलजावन्संना फोन करते मी. बारा वर्षं झाली. चूक त्यांची होती, पण करते मीच." काही नाही. "तुमचे कागद नाही टाकणार. एकही." काही नाही. धुक्यात कुठेतरी एक पक्षी ओरडला आणि मधेच थांबला. मग त्यांनी फार हळू, आरोहीला जेमतेम ऐकू जाईल असं विचारलं, "एकटं वाटतंय का तिकडे?"

जाड रेघ थरथरली.

"हात्तिच्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "एवढंच होय? मग मी येते ना तुमच्या सोबतीला. फार दिवस नाही लावत. दिवाळीच्या आत येते."

स्क्रीनवर दोन रेघा एक झाल्या.

झटका बसला नाही. ट्राउट घेतो तेव्हा मनगटाला हिसका बसतो, रॉड नाचतो. हे तसं नव्हतं. पलीकडे कोणीतरी सावकाश टेकून बसावं तसा भार आला. रॉड वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग बोटीचं नाक हळूहळू वळलं आणि बोट चालू लागली.

मोटर बंद होती. वारा नव्हता, धुकं जिथल्या तिथे होतं. "जाळी दातात अडकली असेल," आरोही मोठ्याने म्हणाली, कारण कोणीतरी ते मोठ्याने म्हणायला हवं होतं. "दे हॅव लॉट्स ऑफ टीथ." पण गळ नव्हता. माशाला फक्त तोंड उघडायचं होतं आणि तो सुटला असता. तो तोंड उघडत नव्हता.

आकडा ऐंशी झाला. मग शंभर. या तळ्याची सगळ्यात खोल जागा एकशे दहा फूट, हे धक्क्यावरच्या नकाशात लिहिलं होतं, आणि काकांनी ते तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. एकशे दहा आलं. एकशे तीस. एकशे साठ.

काकूंनी दोरीचे दोन वेढे तळव्याभोवती घेतले होते. तळवा पांढरा पडला होता आणि त्यात दोरी रुतली होती. त्या कडेवर रेलल्या. आधी बोटं पाण्यात गेली, मग मनगट, मग बांगड्या.

"काकू, हात सोडवा. काकू, प्लीज."

"मी कुठे धरलंय. ह्यांनी धरलंय," काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या. मार्चनंतर पहिल्यांदा. हेच हसू बघायला आरोही इतक्या लांब आली होती आणि आता ते तिला बघवत नव्हतं.

तिने एका हाताने लाइफ जॅकेटचा पट्टा पकडला. पेटीत सुरी होती. पाय लांब केला तर पेटी जवळ ओढता आली असती, दोरी एका घावात तुटली असती. पण दोरी तोडून काय होणार होतं? शब्द तर देऊन झाला होता आणि पलीकडे घेतलाही गेला होता. काकू घरी जातील, चिमणीएवढं जेवतील, आणि दिवाळीच्या आत दिलेला शब्द पाळतील. काकू शब्द पाळणाऱ्या होत्या, हे सगळ्या वेस्ट विंडसरला माहीत होतं.

काकूंचा कोपर पाण्याखाली गेला.

दहाव्याला सगळे काही ना काही बोलले होते. आरोही तेवढी बोलली नव्हती. लहान मुलांनी बोलायचं नसतं असं तिला वाटलं होतं.

"काका," ती म्हणाली. तिने पट्टा आणखी घट्ट धरला. "काका, काकू नाही येणार. त्या जेवणार आहेत आणि नीट राहणार आहेत. कुठे राहायचं ते त्या ठरवतील. सोबत हवी असेल तर मी येईन. दर मे महिन्यात, इथेच, या जागी. सगळं सांगेन, शाळेचं, सगळ्यांचं. पण काकूंना सोडा."

बोट थांबली. दोरी ताठच होती. पाण्याचे थेंब तिच्यावर मण्यांसारखे उभे होते.

"शब्द देते," आरोही म्हणाली.

दोरी सैल पडली.

रॉड सरळ झाला तो इतका अचानक की ती मागे फळीवर आपटली. आकडा लुकलुकला, नाहीसा झाला, आणि पुन्हा आला तेव्हा बहात्तर होता. बोटीजवळ, धुक्यातून हात लावता येईल इतका जवळ, तोच कडा होता.

दोरी गुंडाळायला खूप वेळ लागला. जाळी वर आली. तिन्ही गाठी तशाच होत्या, जाळीला कुठे चीर नव्हती. आत भाताचं शीत नव्हतं, तीळही नव्हता. भात विरघळला असेल, आरोही स्वतःशी म्हणाली. तिळांचं काय झालं असेल याचा विचार तिने केला नाही.

काकूंनी ती जाळी ओंजळीत घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. "शिवला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावरचं ते हसू गेलं होतं. त्या जागी घाबरलेली, थंडीने काकडलेली, अगदी जिवंत म्हातारी बाई होती. "आरोही. काय बोललीस तू हे?"

"काही नाही, काकू. असंच."

"असंच बोलतात का ते?"

आरोहीने मोटर सुरू केली.

केबिनमध्ये बाबांनी पोहे केले होते. काकूंच्या हाताला त्यांनी मलम लावलं, दोरीचा वळ बघून आरोहीला थोडं रागावले. काकू पोहे खाऊ लागल्या. एक बशी झाली, दुसरी मागितली. बाबा कढईपाशी उभे राहून डोळे मोठे करून आरोहीला खुणावत होते, बघ, बघ. मग काकूंनी केबिनच्या फोनवरून ओजसला फोन लावला. "तिकीट काढ," म्हणाल्या. "नाही, जूनचं. हो, माझ्या मनानेच ठरवलंय. आणि शैलजाआत्याचा नंबर दे मला."

म्हणजे सगळं आरोहीने ठरवल्याप्रमाणेच झालं होतं. काकू जेवल्या होत्या. तिने हातातल्या बशीकडे बघितलं. पोहे गार झाले होते.

"चला, जमली म्हणायची ट्रिप," बाबा खुर्चीत बसत म्हणाले. "बरं झालं आलो. पुढच्या मेमध्ये काही जमायचं नाही. तुझ्या एपीच्या परीक्षा, ग्रॅज्युएशन..."

"मला यायचंय," आरोही म्हणाली.

"अगं, पण..."

"बाबा, मला यायचंय."

"ठीक आहे, पुढच्या वर्षी बघू कसंतरी एक वीकेंड. पण त्यानंतर तू कॉलेजला. कॅलिफोर्नियात असशील, कुठे असशील, कोणाला माहीत. आणि आता काकाही नाहीत. कोणासाठी यायचं दर वर्षी?"

आरोही खिडकीकडे बघत होती. धुकं उठलं होतं. तळं स्वच्छ निळं दिसत होतं, पोस्टकार्डवर असतं तसं. जागा तिने सांगितली होती, महिना सांगितला होता. किती वर्षं, ते सांगायचं राहिलं होतं.

"मी येईन हिच्याबरोबर," काकू म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला होता आणि त्या आरोहीच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मलम लावलेला हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला. "ओहायोहून विमानाने येईन. दर मेमध्ये. मी आहे तोवर हिला एकटीला त्या बोटीत नाही बसू देणार."

"वहिनी, तुम्ही?" बाबा हसले. "आज एकदा बसलात आणि चटक लागली?"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी आरोहीचा खांदा दाबला. तिला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

काकू अडुसष्ट वर्षांच्या होत्या. आरोही सोळाची. तिने मनातल्या मनात हिशेब मांडायला घेतला, आणि अर्ध्यावर सोडून पोहे खायला लागली.